निर्यातीच्या द्राक्षाला वहीचा आधार



आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षे जहाजाने युरोपात जातात. तिथल्या गिऱ्हाइकाला आपला मळा दिसत नाही, दिसते ती पेटीवरची चिठ्ठी. त्या चिठ्ठीचे मूळ मात्र तुमच्या घरातल्या फवारणीच्या वहीत असते. ते कसे, हे समजून घेऊ.

2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकाचा अंश सापडला आणि मोठी अडचण झाली. म्हणून अपेडा या निर्यात संस्थेने 2006 साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकावरची नोंदव्यवस्था सुरू केली. तिचे काम सोपे आहे. निर्यातीचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवला की त्याला क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस नमुना नेतो आणि तपासणीचा निकाल त्याच क्रमांकावर चढतो. पुढे पॅकहाउस आणि रोगमुक्ततेचा दाखला हेही त्याच क्रमांकाशी बांधलेले. उद्या एखाद्या पेटीत दोष निघाला, तर ती कोणत्या प्लॉटची हे मागे मागे जाऊन शोधता येते. एकाच्या चुकीपायी सगळ्यांचा माल संशयात सापडत नाही.

मग काळजी मिटली का? नाही. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखणारे आपले सी.सी.सी., सापडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हते. माल अडकला, बागाईतदारांचे फार नुकसान झाले. यातून धडा एवढाच, की संगणक विचारले तेवढेच सांगतो. आपण खरडछाटणीपासून वेलीला काय काय दिले, हे आपल्याच वहीत हवे.

वहीत प्रत्येक फवारणीला एवढे लिहा:

1. तारीख व प्लॉटचा क्रमांक.
2. औषधाचे नाव आणि डब्यावर लिहिलेला त्यातला मूळ घटक. दोन नावांच्या डब्यांत एकच औषध असू शकते.
3. औषधाचे प्रमाण, पाणी किती, आणि फवारणी कशासाठी केली.
4. दुकानाच्या बिलाचा नंबर.
5. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे.

नोंद त्याच संध्याकाळी करा. हंगाम संपल्यावर आठवून भरलेली वही कामाची नाही. मारलेले औषध लपवूही नका. वहीत नसले तरी घडात राहिलेला अंश परदेशातल्या तपासणीत उघडा पडतो, आणि तोवर माल तिथे पोचलेला असतो.

याच वहीत मजुरी, खत, पेट्या आणि मिळालेला भाव लिहिला, तर कोणत्या प्लॉटने पैसा दिला आणि कोणत्याने खाल्ला, हे वर्षाअखेर कळेल. मोठमोठ्या कंपन्या नोंदींवरच धंदा चालवतात. आपली बागही धंदाच आहे.

तेव्हा प्लॉटची नोंदणी वेळेत करून घ्या, वही दाराशी टांगा, पेन तिला बांधूनच ठेवा. घरात लिहिता येणारे कुणीही असले, अगदी शाळेतली मुलगी असली, तरी काम भागते.