बोट कोणाचं, बोलणं कोणाचं?

तितो राजर्षी मुखोपाध्याय याला अगदी लहानपणी स्वमग्नतेचं निदान झालं. तो बोलत नव्हता, आणि न बोलणाऱ्या मुलाला काही समजत नसणार असं जग तेव्हाही धरून चालत होतं. त्याची आई सोमा मुखोपाध्याय यांनी तसं धरलं नाही. त्या त्याला पुस्तकं वाचून दाखवत, अक्षरं आणि अंक शिकवत. आधी तो फळ्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवू लागला. पुढे हातात पेन्सिल टिकेना, तेव्हा आईनं ती रबरबँडनं बांधून दिली. २००० साली ब्रिटनच्या ‘नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी’नं त्याचं ‘बियाँड द सायलेन्स’ प्रसिद्ध केलं, तेव्हा हा लेखक जेमतेम अकरा वर्षांचा होता.

स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जण मोठेपणीही फारसं बोलत नाहीत. त्यातल्या काहींना बौद्धिक अडचणी असतात, पण सगळ्यांना नाही. बोलण्यासाठी ओठ, जीभ, श्वास आणि घसा एका क्षणात जुळवावे लागतात. ही जुळणी मेंदूला साधत नसेल, तर वाक्य मनात तयार असूनही तोंडातून येत नाही. एका बोटानं एकेक अक्षर दाबणं त्या मानानं सोपं. जपानचे नाओकी हिगाशिदा असेच अक्षरतक्त्यावरून लिहिते झाले. त्यांनी किशोरवयात लिहिलेलं पुस्तक ‘द रीझन आय जंप’ या नावानं २०१३ मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभर वाचलं गेलं.

हे सगळं ऐकून कोणाही आईबापांचा जीव आशेनं भरून येईल. म्हणूनच पुढचा भाग टाळता येत नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत झपाट्यानं पसरली. त्यात मदतनीस मुलाचा हात किंवा मनगट धरतो आणि मूल टाइप करतं. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनिसाला दुसरं. कागदावर उतरलं ते मदतनिसानं पाहिलेलं चित्र. मदतनीस खोटारडे नव्हते. प्लँचेटवरच्या वाटीसारखा हात आपल्या नकळत सरकत होता. पण त्या शब्दांच्या आधारे कित्येक पालकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, घरं मोडली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं १९९४ मध्ये या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं. मदतनिसानं हात न धरता अक्षरफळा धरण्याची सोमा यांची पद्धतही वादातून सुटलेली नाही. फळा धरणाऱ्याच्या बारीक हालचालीही इशारा ठरू शकतात, असा आक्षेप आहे, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेनं ती वापरू नये असं सांगितलं.

माझ्या मते हा आक्षेप गंभीर आहे. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मुकं करणं. पण म्हणून न बोलणाऱ्या सगळ्यांना अडाणी ठरवणंही तितकंच अन्यायाचं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या विक्रम जसवाल आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ३१ न बोलणाऱ्या स्वमग्न किशोरांना आणि प्रौढांना टॅब्लेटवर एक खेळ दिला: उजळेल त्या अक्षरावर टॅप करायचं. अक्षरांतून अर्थपूर्ण वाक्य बनत असेल तेव्हा त्यांची बोटं अधिक वेगानं चालली. अनेकांना स्पेलिंग येत होतं, एवढं यातून दिसतं. प्रत्येक टाइप केलेलं वाक्य त्यांचंच, हे सिद्ध होत नाही. तितोचं महत्त्व इथं कळतं. तो पुढे हात कोणी न धरता, स्वतः लिहू लागला.

आपल्याकडे एक वेगळी भीती आढळते: चित्रं दाखवायची किंवा टाइप करायची सवय लागली तर मूल बोलायचंच नाही. संशोधन या भीतीला दुजोरा देत नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलं दिसतं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं ॲप मराठीतही आहे. खरी अडचण चित्रांच्या पुढे येते. इंग्रजीत २६ अक्षरांवर काम भागतं. मराठीत स्वर, व्यंजनं, काने, मात्रा आणि जोडाक्षरं. थरथरत्या बोटाला ‘स्वयंपाक’ लिहायला किती टप्पे! मग पुष्कळ घरांत मूल इंग्रजी टाइप करायला शिकतं आणि मराठी बोलणाऱ्या आजीशी त्याचा संवाद तिथंच अडतो. कमी कळांचा, बारीक हालचाली न मागणारा मराठी कीबोर्ड ही आपल्या अभियंत्यांसाठी अगदी हातातली कामगिरी आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी मार्गांचा स्पष्ट समावेश केला आहे. शाळेनं टॅब्लेट वर्गात येऊ दिला नाही, तर पालकांनी या कायद्याचा हवाला जरूर द्यावा. घरी शिकवताना मात्र पहिल्या दिवसापासून एकच ध्येय ठेवा: टॅब्लेट टेबलावर, आपले हात बाजूला, आणि उत्तर आपल्याला ठाऊक नसलेले प्रश्न. वेळ लागेल, लागू द्या. आणि तोवर त्या मुलासमोर त्याच्याविषयी असं काही बोलू नका, जे त्याला ऐकू जावं असं तुम्हाला वाटणार नाही.