दगड आपल्या मुलखातला हवा

अंबड म्हटले की बहुतेकांना माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी आठवते. मला तिच्याइतकीच आठवते ती गावातली, अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली पुष्करणी बारव. तिच्या काळ्या पाषाणावर हात फिरवला, की छिन्नीचे टवके आणि पावलांनी आलेला गुळगुळीतपणा दोन्ही बोटांना कळतात. याला मराठीत नेमका शब्द आहे, पोत.

संगणकावर चित्र काढणारी मुले हा पोत थेट छायाचित्रातून घेतात. काहींना ती लबाडी वाटते. मला वाटत नाही. चित्र आणि छायाचित्र यांची सोयरीक जुनीच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीला गेला. तेथे काम केलेले दादासाहेब फाळके या दोन्ही कलांत मुरलेले होते. १९९० मध्ये फोटोशॉप आले, १९९४ च्या आवृत्तीत थरांची सोय झाली आणि ही सोयरीक घरोघरच्या संगणकावर पोचली.

प्रश्न आहे तो वापराचा. माझ्या एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर मराठवाड्यातली बारव हवी होती. चित्रकार तरुण, हात सुरेख. पण इंटरनेटवरून उचललेला दगड तांबूस वालुकाश्म निघाला! आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, काळा बेसाल्ट. आमच्याकडच्या वाचकाने पुस्तक उघडण्याआधीच ‘हे आपले नव्हे’ म्हटले असते. मग आम्ही दोघे कॅमेरा घेऊन अंबडच्या बारवेत उतरलो.

त्याने मुद्दाम ढगाळ सकाळ निवडली. भर उन्हातल्या फोटोत सावल्या पक्क्या बसतात आणि चित्रातला उजेड दुसऱ्या बाजूने येत असेल तर दोघांचे भांडण जुंपते. दगडासमोर सरळ उभे राहून त्याने फोटो घेतले. घरी आल्यावर आधी फक्त करड्या रंगात पायऱ्यांचा उजेड-अंधार रंगवून पुरा केला. घडण कच्ची असेल तर पोत ती सावरत नाही, नुसती झाकतो.

त्यानंतर फोटोतला रंग काढून तो ‘ओव्हरले’ पद्धतीने वरच्या थरात ठेवला. या पद्धतीत मधला करडा रंग खालच्या चित्राला धक्का लावत नाही. उजळ ठिपके उजळवतात, गडद ठिपके गडद करतात. म्हणून फोटोची सरासरी छटा मधल्या करड्यावर आणावी लागते. पायरीचा माथा आणि तिची उभी बाजू यांसाठी वेगळे तुकडे घेऊन ते दृष्टिकोनाप्रमाणे वाकवले. उजेड आणि सावली भेटतात तेथे पोत ठळक ठेवला. गडद अंधारात आणि दूरच्या पायऱ्यांवर जवळपास पुसून टाकला. शेवटी सगळ्यावरून स्वतःचा कुंचला फिरवला.

मी बँकेत असताना सह्या पडताळत असे. एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत जुळल्या, की आम्हांला खरी शंका यायची. जिवंत हात दोनदा सारखा चालत नाही. दगडाचेही तसेच. शेवाळाचा एकच डाग चित्रात दोनदा दिसला, की वाचक फसत नाही.

आणि दुसऱ्याचा फोटो न विचारता उचलू नये. आपल्या कायद्याने छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पण कायद्यापेक्षा मोठा फायदा निराळाच आहे. पोत गोळा करण्याच्या निमित्ताने एक मुलगा बारवेत उतरला, तासभर दगड न्याहाळत बसला. मुखपृष्ठ झाल्यावर त्याने मला विचारले, ‘काका, आपल्या भागात अशा आणखी किती बारवा आहेत हो?’