धोक्याची घंटा केव्हा वाजावी?

कारखान्यातील प्रत्येक मापाला संगणकात आपण एक नाव देतो. त्यास ‘टॅग’ म्हणतात. टाकीतील पातळी हा असाच एक टॅग. तिची मर्यादा ९० टक्के ठरविली आणि द्रव हेलकावत राहिला, तर घंटा क्षणाक्षणाला वाजेल. म्हणून पातळी ८८ च्या खाली उतरेपर्यंत इशारा मिटू नये, अशी योजना आपण करतो.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धी कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन चालकांपुढे २७५ इशारे आले! महत्त्वाचे ते त्या गर्दीत हरवले. तेव्हा प्रत्येक इशारा नेमताना आपण विचारावे : हा वाजल्यावर माणसाने नेमके काय करावयाचे? उत्तर देता येत नसेल, तर ती घंटा काढून टाकलेलीच बरी.