नुसत्या दुधावरचं बाळ

"जेवत नाही, पण दूध मात्र भरपूर पितो," असं घरोघरी ऐकू येतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि दुधानं पोट भरलं की वरणभाताला जागा उरत नाही. लोह घटलं की तांबड्या पेशी लहान, ताठर होतात. मऊ कणीक बोटांतून सरकते, घट्ट झालेली अडते. बारीक रक्तवाहिन्यांत तसंच होतं. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही अनेकदा वाढतात. गुठळी मेंदूच्या वाटेत बसली, की पक्षाघात!

इतक्या लहान वयात तो विरळाच. पण टोरांटोतल्या २००७ च्या अभ्यासात, एरवी धडधाकट मुलांमध्ये लोहाअभावी रक्तक्षय असेल तर ही शक्यता सुमारे दहापट दिसली. बाळाचे तळवे पांढुरके वाटले तर हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्या.