नव्या टॉवरला जुनी सुरखी

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : 'आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय. नव्या टॉवरवर सौर पॅनेल आणि एलईडी दिवे असतील. पर्यावरणाच्या दृष्टीने हे चांगलंच ना?'

फक्त वीज मोजून इमारतीला 'हरित' म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. विजेपोटीचं उत्सर्जन हप्त्याहप्त्याने होतं, आणि वीज स्वच्छ होत गेली की हप्ताही घटतो. सिमेंट-सळईचं उत्सर्जन मात्र पहिलं बिऱ्हाड येण्याआधीच एकरकमी झालेलं असतं.

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नव्हे, खुद्द चुनखडीचा. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी सौरऊर्जेवर चालवा, हा हिशेब तोच!

मग चुनखडी भाजायचीच कमी केली तर? आपल्या गवंड्यांकडे सुरखी होती, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. ती चुन्यात घालून घाण्यात मळायची. भाजलेल्या मातीतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा चुन्याशी संयोग होतो आणि मिश्रण पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. १८९५ साली पुरं झालेलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीतच बांधलेलं आहे. किती सुंदर रसायनशास्त्र, आणि ते गवंड्यांच्या हातात होतं!

स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातले फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्या आयआयटींमधले संशोधक यांनी घडवलेलं 'एलसी-३' सिमेंट याच वाटेने जातं. त्यात क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मुख्य घटक, जेमतेम निम्मं. बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. क्लिंकरला सुमारे १४५० अंश सेल्सिअस लागतात, मातीला ७००-८०० पुरतात, आणि तिच्यातून उडते ती मुख्यतः वाफ. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटतं. स्क्रिव्हनरबाईंचं नाव सर्वत्र येतं; मार्तिरेनांचंही तितकंच यायला हवं. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटचं मानकही काढलं.

तेव्हा वाचकहो, आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल नीट वाचा. दुरुस्तीने इमारत सुरक्षित होत असेल तर जुना सांगाडा राखणं सगळ्यात उत्तम, कारण त्याचं उत्सर्जन कधीच होऊन गेलं आहे. पाडणं अटळच असेल तर करारावर सही करण्याआधी बिल्डरला विचारा : काँक्रीटमध्ये क्लिंकरऐवजी फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा भाजलेली माती किती टक्के घालणार, आणि सिमेंट-सळई खाणारे पार्किंगचे किती मजले खरोखर लागणार आहेत?