कवट्यांचा मनोरा
फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) याचे सु. १९०१ मधील स्थिरवस्तुचित्र. हे तैलचित्र जेमतेम ३७ × ४५·५ सेंमी. आकाराचे आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकार कवटीभोवती मेणबत्ती, वाळूचे घड्याळ, पुस्तके मांडून ऐहिकाची नश्वरता सुचवीत. सेझाननेही तरुणपणी कवटी व मेणबत्ती एकत्र रंगविली होती. येथे ती प्रतीके गळाली आहेत. गडद पार्श्वभूमीपुढे एकमेकींवर रचलेल्या चार कवट्या पाहणाऱ्याच्या अगदी निकट येतात. सफरचंदांची गोलाई ज्या रंगपट्ट्यांनी तो घडवी, त्यांनीच येथे हाडांचे उंचवटे व नेत्रखाचा सिद्ध झाल्या आहेत. म्हणून काही समीक्षक यात निव्वळ आकारांचा अभ्यास पाहतात. परंतु १८९७ मधील मातृवियोग, मधुमेह व साठी ओलांडलेले वय ध्यानी घेता हे मत अपुरे वाटते. चामुंडेची मुंडमाला देवतेचे लक्षण असते. या कवट्या मात्र कोणाचेच लक्षण नाहीत, त्यामुळे त्यांचे मरण अधिक उघडे पडते. पुढे ब्राक (१९३९) व महायुद्धकालीन पिकासो यांनीही हा विषय हाताळला. मूळ चित्र खाजगी संग्रहात असून तीन कवट्यांचे एक जलरंगचित्र शिकागोच्या कलासंस्थेत आहे.