नकाशातला समुद्र आणि रंगाची उतरण

शहागंज ते सिटी चौक या रस्त्यावर लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि बिलबुके छापून देणाऱ्या दुकानांत आमच्या कारागीर घराण्यांतली बरीच मुले संगणकावर बसलेली दिसतात. आजोबा हिमरूच्या मागावर होते, वडील रंगाच्या भट्टीवर किंवा जरीच्या कामावर होते, मुलगा आता फोटोशॉप आणि कोरलवर आहे. काम आहे, पण ते हंगामी. लग्नसराई आणि निवडणुका संपल्या की दुकानात माशा मारत बसावे लागते. अशा होतकरू मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आज आम्ही एका वेगळ्या कामाची माहिती देत आहोत. ते काम म्हणजे काल्पनिक मुलुखांचे नकाशे, आणि त्यातही त्या नकाशांतला समुद्र.

काल्पनिक मुलुखाचा नकाशा कोणाला लागतो, असे वाचक विचारतील. ज्यांनी उर्दूत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ वाचले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून छापलेल्या त्या दास्तानीत सगळा मुलुखच जादूचा आहे. इंग्रजीत टॉल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४ साली निघाली तेव्हा तिच्यासोबत नकाशा होता आणि तो त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, काढला होता. तेव्हापासून अशा कादंबरीला नकाशा हवाच, असा रिवाज पडला. आता संगणकावरच्या खेळांना आणि घरात टेबलावर मांडून खेळायच्या खेळांनाही तो लागतो. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे परदेशी लेखक असे नकाशे पैसे देऊन करून घेतात, आणि नकाशा करणारा कोणत्या गावात बसला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. आमच्यातल्या दीनदार घरांना एक गोष्ट बरी वाटेल. या कामात माणसाजनावरांच्या तसबिरी काढाव्या लागत नाहीत. समुद्रात एखादा राक्षसी मासा काढा म्हणणारे गिऱ्हाईक भेटतेच, त्याला नम्रपणे नाही म्हणता येते.

डोंगर, जंगल, किल्ले, नद्या ही मुले चांगली काढतात. गाडी अडते ती पाण्यावर. अशा कित्येक नकाशांत निम्म्याहून जास्त कागद पाण्यानेच भरलेला असतो, आणि तिथे एक सपाट निळा रंग ओतून मोकळे होतात. त्यातल्या त्यात हुशार मुलगा संगणकाची एक तयार करामत वापरतो, म्हणजे किनाऱ्याला लागून सगळीकडे सारख्या रुंदीचा फिकट पट्टा येतो. ओढणीला गोट लावल्यासारखा. आम्ही कापडवाले आहोत, गोट आम्हाला आवडतो. पण समुद्र असा नसतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खोटे आहे हे कळतेच.

आपला अरबी समुद्रच बघा. मुंबई हायचे तेल १९७४ साली लागले. ती जागा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, आणि तिथे पाणी किती? अवघे ७५ मीटर. कुतुबमिनार तिथे उभा केला तर जेमतेम बुडेल. किनाऱ्यालगतचा हा उथळ ओटा मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, तर दक्षिणेला कोचीसमोर तो ६० किलोमीटरच्या आसपास उरतो. ओटा संपला की उतार लागतो आणि तळ हजारो मीटर खाली जातो. म्हणजे एकाच किनाऱ्याचा हा पट्टा कुठे चादरीएवढा रुंद तर कुठे रुमालाएवढा आहे. गोट म्हणता येईल असे काही नाही.

याची कारणे जमिनीत असतात, आणि नकाशा काढणाऱ्याने ती समजून घेतली तर निम्मे काम झाले. मोठी नदी गाळ आणून टाकते, तिथे समुद्र उथळ होतो आणि पाणी गढूळ दिसते. खंबातच्या आखातात नितळ निळे पाणी काढले तर ते पाहून तिथला खलाशी हसेल. उलट दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अँडीज पर्वत उभा आहे आणि त्याच्यासमोर थोड्याच अंतरावर सुमारे ८ हजार मीटर खोल खंदक आहे, कारण तिथे समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो आहे. पण डोंगर दिसला की पाणी खोल, असा आंधळा हिशेबही चालत नाही. आपला सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ असूनही समोरचा ओटा रुंद आहे. हा किनारा जमीन तुटून वेगळी झाल्याने बनला आहे, आज ज्याला सेशेल्स म्हणतात तो तुकडा कोट्यवधी वर्षांपूर्वी इथून निघून गेला. तेव्हा लेखकाला आधी विचारावे की तुमचे डोंगर कसे झाले, ज्वालामुखी आहेत का, मोठ्या नद्या कोणत्या. चांगला लेखक या प्रश्नांनी खूश होतो. शिंपी माप घ्यायला लागला की गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो, तसेच.

बंगालच्या उपसागराचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. गंगेच्या मुखासमोर सगळीकडे गाळाचा उथळ तळ आहे, आणि त्यातच मधोमध एक खोल घळ कापलेली आहे. जुन्या काळी खलाशी दोरीला शिशाचे वजन बांधून पाणी मोजत. वावांत मोजायचे, एक वाव म्हणजे सहा फूट, आमच्या भाषेत दोन वार. या घळीवर आले की दोरी तळाला लागायचीच नाही, म्हणून इंग्रजांनी तिचे नावच ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ ठेवले. काल्पनिक नकाशात मोठ्या नदीसमोर अशी एक काळसर घळ काढली, तर पाहणाऱ्याला तो समुद्र कोणीतरी मोजून काढल्यासारखा वाटतो.

आता खरेपणाचा प्रश्न. खरा समुद्र म्हणजे कोणता? आकाशातून डोळ्याला दिसतो तो, की मोजणीतून कळतो तो? हे दोन वेगळे माल आहेत आणि आमची मुले ते एकाच ठाणात गुंडाळतात. पाण्यात लाल उजेड पहिल्या दहा मीटरांतच बहुतेक संपतो, निळा सर्वांत खोल जातो, दोनशे मीटरच्या खाली उजेड नावापुरता उरतो आणि हजार मीटरच्या खाली काहीच नाही. सूरह नूरमध्ये खोल समुद्रातल्या अंधारावर अंधाराचा दाखला आहे, तो आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हणून विमानातून पाहिले तर लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांभोवतीचे उथळ पाणी फिरोजी चमकते, कारण खाली पांढरी वाळू आहे. त्यापलीकडे सगळा समुद्र एकच गडद निळा दिसतो, मग तळ पाचशे मीटरवर असो की चार हजारांवर. खोलीनुसार पाच-सहा निळ्या छटा दाखवणे ही मोजणीच्या नकाशाची भाषा आहे. नाविकांच्या नकाशाची भाषा तर याच्या उलट आहे. देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे पाहा, त्यांत उथळ पाणी निळे आणि खोल पाणी पांढरे असते, कारण कप्तानाला धोका कुठे आहे ते आधी दिसले पाहिजे. कादंबरीतला नकाशा एखाद्या जुन्या खलाशाच्या हातचा असेल, तर त्याला यातला कोणताच रंग शोभणार नाही. जुन्या सागरी नकाशांत उथळ वाळू ठिपक्यांनी आणि बुडालेले खडक फुलीने दाखवत, तेच करावे. १५१३ साली नकाशा काढणारे उस्मानी दर्यासारंग पीरी रईस यांचे काम या मुलांनी जरूर पाहावे.

मोजणीचा समुद्र हाताने कसा रंगवावा, याचा सर्वांत मोठा उस्ताद ऑस्ट्रियाचा चित्रकार हाइनरिख बेरान. अमेरिकेत मेरी थार्प या बाईंनी ब्रूस हीझन यांच्यासोबत जहाजांवरून आलेले खोलीचे आकडे जुळवून समुद्रतळाचे नकाशे केले. त्या वेळी खोलीच्या रेषा जशाच्या तशा छापायला अमेरिकी आरमाराची मनाई होती, म्हणून त्यांनी तळाचे डोंगरदऱ्या दिसतील असे चित्रच काढायला घेतले. पुढे ते बेरान यांच्या कुंचल्यात आले, आणि १९६७ साली त्यांनी जो पहिला समुद्रतळ रंगवला तो आपल्या हिंदी महासागराचा होता. सगळ्या जगाच्या समुद्रांचे चित्र १९७७ साली निघाले. त्यात खोलीची उतरण पाहावी. पाणी जणू उपसून टाकले आहे आणि तरीही चित्र निळेच आहे.

आता प्रत्यक्ष काम. नकाशा आणि नक्षी हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच मुळातून आले, आणि हिमरूच्या घरातल्या मुलाला ते समजावून सांगावे लागत नाही. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून आधी नक्षा करायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा, मग माग. इथेही तसेच. जमीन एका थरावर आणि समुद्र दुसऱ्या थरावर ठेवावा, म्हणजे रंग जमिनीवर सांडत नाही. मग रंग न भरता आधी खोलीच्या रेषा हाताने काढाव्यात. पहिली ओट्याच्या काठाची, दुसरी उताराच्या पायथ्याची, तिसरी खंदकाची. या रेषा किनाऱ्याची नक्कल करू नयेत. कुठे किनाऱ्याला चिकटाव्यात, कुठे दूर जाव्यात, बेटांच्या रांगेला एकत्र कवेत घ्याव्यात. या तीन रेषांवर जेवढा वेळ जाईल तेवढा पुढे वाचतो.

रंग चढवताना निळीचे पिंप आठवावे. कापड एकदा बुडवून हवा दिली की आभाळी, पुन्हा बुडवले की निळे, पुन्हा पुन्हा बुडवले की गडद. संगणकावरही असेच करावे, एकदम काळपट निळा न ओतता पातळ, पारदर्शक थरांवर थर द्यावेत. पण फक्त काळोख वाढवून खोली येत नाही. उथळ पाण्याला थोडी हिरवट झाक, मधल्याला स्वच्छ निळी आणि खोलाला करडी निळी द्यावी, म्हणजे रंगाची जातच बदलत जाते. निव्वळ काळा कुठेही वापरू नये, त्याने नकाशाला भोक पडल्यासारखे दिसते. दुसरी बाब धार आणि धूसरपणाची. किनाऱ्यापासून ओट्याच्या काठापर्यंत रंग हळूहळू उतरावा, पण ओट्याच्या काठावर उतरण चटकन व्हावी, कारण तिथे तळ खरोखरच घसरतो. बहुतेक जण सगळ्या रेषा सारख्याच धूसर करतात आणि समुद्र पाणी घातलेल्या दुधासारखा होतो. खोल मैदानात मात्र फारसे काही करू नये, इथे-तिथे एखादा बुडालेला डोंगर पुरे. आपल्या अरबी समुद्रातही असे डोंगर आहेत. ‘सागर कन्या’ या आपल्या संशोधन जहाजाने १९९२ साली शोधलेल्या दोन डोंगरांना शास्त्रज्ञ पणिक्कर आणि वाडिया यांची नावे दिली आहेत.

उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून घ्यावा आणि जमिनीवर तसाच समुद्रतळावरही. तो खालून घेतला तर डोळा फसतो, डोंगर खड्डे दिसू लागतात.

सराव कशावर करावा? खऱ्या समुद्रावर. समुद्रतळाच्या खोलीचे आकडे ‘गेब्को’ ही आंतरराष्ट्रीय संस्था फुकट देते. तिचे काम मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या पुढाकाराने १९०३ साली सुरू झाले. जगाच्या समुद्रतळाचा तिसरा हिस्साही अजून नीट मोजून झालेला नाही, पण खंबातपासून लक्षद्वीपपर्यंतचा तुकडा शिकण्यास भरपूर आहे. महागडी प्रणाली घेण्याचीही गरज नाही. गिंप आणि क्रिटा या दोन प्रणाली फुकट मिळतात. चोरीच्या प्रणालीवर केलेल्या कमाईत बरकत कसली? शिवाय परदेशी गिऱ्हाईक त्याबद्दल विचारते.

छपाईचा एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण तो कापडाच्या छपाईतही आहे. पडद्यावरचा चमकदार फिरोजी कागदावर मळतो आणि गडद निळा जांभळट होतो. म्हणून काम सुरू करण्याआधी पुस्तक छापील आहे की फक्त पडद्यावरचे, ते विचारावे. छापील असेल तर चार रंगांच्या छपाईचा नमुना आधी काढून बघावा आणि फाइल इंचाला तीनशे ठिपक्यांची ठेवावी. लांबलचक उतरणीत कधी कधी पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसतात. त्यावर बारीक दाणा टाकला की ते मिटतात.

हल्ली यंत्र स्वतःच क्षणात सुंदर समुद्र काढून देते, मग हा धंदा टिकेल का, असे आम्हाला विचारले जाते. आमचे मत असे की नुसत्या शोभेच्या चित्राचे काम यंत्राकडे जाईल. पण लेखकाच्या गोष्टीत तिसऱ्या प्रकरणात जहाज ज्या वाळूच्या दांड्यावर रुतते, तो दांडा नेमका त्याच बेटाच्या पूर्वेला हवा असतो, आणि पुढच्या भागात बेट सरकवले तर दांडाही सरकला पाहिजे. हे थर वेगवेगळे ठेवणाऱ्या कारागिराकडूनच नीट होते. यंत्राची मदत घेतली असेल तर ती आधी सांगावी, लपवून माल देऊ नये.

व्यवहार लेखी ठेवावा. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे आणि आपल्याच बाजारात तो सर्वांत कमी पाळला जातो. नकाशा फक्त पुस्तकासाठी की खेळ आणि भित्तिचित्रांसाठीही, किती वेळा बदल करून द्यायचे, अर्धी रक्कम कधी मिळणार, हे सर्व आधी कागदावर यावे. परदेशातून रक्कम आली की ती कोणत्या कामाची हे बँक विचारते, म्हणून बिल आणि करार जवळ ठेवावेत. रेषा काढून झाल्या की त्या गिऱ्हाइकाला दाखवून मंजुरी घ्यावी आणि मगच रंगाला हात लावावा. आधी नक्षा मंजूर, मग माग सुरू.